बहात्तर मतांनी मेलेला रॉबिन

संपादक मंडळाने यंदा नोटीस लावली की मराठी विभागाला साहित्य कमी पडत आहे, तरी विद्यार्थ्यांनी कविता सोडून काहीही द्यावे. 'कविता सोडून' या दोन शब्दांखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. (मागच्या अंकातल्या पावसाळी कविता ज्यांनी वाचल्या असतील त्यांना कारण सांगायला नको!) मी कॉन्व्हेंटची. मराठी माझं घरातलं, आजीशी भांडायचं. शाळेत ते शंभर मार्कांपुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला, आणि विषय इंग्रजी कॉमिक्सचा आहे म्हणून लगेच पान उलटू नका.

गेल्या वर्षी फायनल इयरची एक ताई हॉस्टेल सोडून गेली तेव्हा तिने एक खोका आमच्या रूममध्ये आणून टाकला. वर क्रेझिगचं मॅथ्स, त्याखाली तीन वर्षांची जर्नल्स, आणि सगळ्यात तळाशी 'बॅटमॅन : अ डेथ इन द फॅमिली'. डीसी कॉमिक्सने १९८८ साली 'बॅटमॅन'च्या ४२६ ते ४२९ या चार अंकांत छापलेली गोष्ट, नंतर एका पुस्तकात एकत्र केलेली. लेखक जिम स्टारलिन, चित्रं जिम अपॅरोची. मी ते एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री वाचून काढलं. (एम-थ्रीचं काय झालं ते विचारू नये.)

बॅटमॅन कोण हे सांगायला नको. रॉबिन म्हणजे त्याच्याबरोबर फिरणारा लाल-पिवळ्या कपड्यातला पोरगा, एवढंही बहुतेकांना माहीत असतं. पण रॉबिन एकच नाही, आणि सगळी भानगड तिथेच आहे. पहिला रॉबिन डिक ग्रेसन, १९४० पासूनचा, सर्कशीतला, सगळ्यांचा लाडका. तो मोठा होऊन स्वतंत्र झाला. त्याच्या जागी १९८३ मध्ये जेसन टॉड आणला, तोही सर्कशीतल्याच कुटुंबातला. वाचक म्हणाले, ही तर झेरॉक्स! मग १९८७ मध्ये जेसनची गोष्टच बदलून टाकली. आता तो गॉथम शहराच्या गल्लीत वाढलेला पोरका मुलगा, आणि बॅटमॅनशी त्याची पहिली भेट होते ती हा पठ्ठ्या चक्क बॅटमोबाईलची चाकं काढत असताना. मला तर तो तिथेच आवडला. पण वाचक म्हणाले, हा उद्धट आहे, डिकसारखा नाही. म्हणजे डिकसारखा होता तेव्हा झेरॉक्स, आणि नव्हता तेव्हा डिकसारखा नाही. पोराने करावं तरी काय?

या पुस्तकात जेसनला कळतं की जिला तो आई समजत होता ती त्याची सख्खी आई नव्हती. जन्मदाखल्यावरचं नाव पुसट झालंय, फक्त 'एस' हे अक्षर दिसतंय. बापाच्या जुन्या डायरीत 'एस'वरून तीन बायका सापडतात आणि हा त्यांना शोधत निघतो, आधी लेबनॉन, मग इथिओपिया. तिसरी बाई, शीला हेवूड, हीच आई निघते. दुष्काळग्रस्तांच्या छावणीत मदतीचं काम करते, पण मदतीच्या पैशांत हात मारते, आणि जोकरच्या तावडीत सापडलेली आहे. बॅटमॅन सांगून जातो की मी येईपर्यंत एकटा काही करू नकोस. जेसन आईला विश्वासाने सांगतो की मीच रॉबिन. ती त्याला गोदामात नेऊन जोकरच्या हवाली करते. जोकर पहारीने त्याला मारतो, आणि ही तोंड फिरवून सिगारेट पेटवते.

त्यानंतर जोकर तिलाही बांधून ठेवतो, बाँबचा टायमर लावतो आणि दार बाहेरून बंद करून निघून जातो. रक्तबंबाळ पोरगा शुद्धीवर येतो आणि आधी तिला सोडवतो. दोघं कसेबसे दारापर्यंत पोचतात. दार उघडत नाही. गोदाम उडतं.

इथे ४२७ वा अंक संपला, आणि वाचकांना सांगण्यात आलं : रॉबिन जगेल की मरेल ते तुम्ही ठरवा. ९०० ने सुरू होणारे दोन फोन नंबर, एक जगवायचा, एक मारायचा. एका फोनला ५० सेंट. १५ सप्टेंबर १९८८ च्या सकाळपासून १६ तारखेच्या रात्रीपर्यंत, म्हणजे साधारण दीड दिवस, लाइन चालू. दोन्ही शेवट तयार ठेवले होते. अपॅरोने जिवंत जेसनचं पानही काढून ठेवलं होतं. निकाल : मारा ५,३४३, जगवा ५,२७१. फरक ७२ मतांचा. ४२८ व्या अंकात बॅटमॅन ढिगाऱ्यातून त्याचं प्रेत उचलून आणतो.

मी वाचत होते तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. पुस्तकात चौथं प्रकरण संपतं आणि पाचवं सुरू होतं, मध्ये एक पान उलटायचं, बस. लेखकाने मारला, असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी (पेपर झाल्यावर, रडून झाल्यावर) शोधलं तेव्हा फोनचं प्रकरण कळलं आणि अंगावर काटा आला. दहा हजार सहाशे चौदा फोन! आणि त्यातला एकही कोणी का केला हे कुठे नोंदलेलं नाही. त्या काळी कॉमिक्सच्या मागे वाचकांची पत्रं छापून यायची. त्या पत्रांना खाली नाव असायचं, गाव असायचं, अमुक अंकात अमुक गोष्ट आवडली नाही असं म्हणावं लागायचं. फोनला फक्त एक नंबर फिरवायचा.

आता आपण इंजिनीअर लोक, तेव्हा थोडं गणित. ७२ मतं गुणिले ५० सेंट म्हणजे ३६ डॉलर. एवढ्यात एका पोराचा निकाल लागला. शिवाय एका माणसाने एकदाच फोन करायचा असं कुठलंही बंधन नव्हतं. तेव्हाचे संपादक डेनी ओ'नील यांनी नंतर सांगितलं की त्यांच्या कानावर असं आलं होतं, कोणा एकाने कॉम्प्युटरला प्रोग्रॅम लिहून मारायचा नंबर दर नव्वद सेकंदांनी, आठ तास लावत ठेवला होता. ऐकीव गोष्ट आहे, खरी-खोटी देव जाणे. पण हिशोब करून बघा : आठ तासांत ३२० फोन, खर्च १६० डॉलर. बहात्तरच्या चौपटीहून जास्त! आमच्या कॉम्प्सच्या एकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पण प्रोग्रॅम भारी असणार, ८८ साली!" या माणसाशी पुढे काय बोलायचं?

तर मी एक उद्योग केला. पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं, पाचवं आणि सहावं, एका मोठ्या काळ्या बाइंडर क्लिपने बंद करून टाकली. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी एक जर्नलचा कोरा कागद खोचला, त्यावर दोन रकाने आखले, 'मत' आणि 'कारण'. अट अशी की कागद भरल्याशिवाय क्लिप काढायची नाही. पुस्तक आधी आमच्या मजल्यावर फिरलं, मग खालच्या, मग मुलांच्या हॉस्टेलला गेलं आणि तिथून परत यायला दोन महिने लागले. आलं तेव्हा कव्हरवर चहाचे तीन गोल होते, पण कागद भरलेला होता. चौदा जण.

नऊ जणांनी 'मारा' लिहिलं होतं. त्यातल्या पाचांनी कारणाचा रकाना रिकामाच सोडलेला. एकाने लिहिलं, "कंटाळा आला." सिव्हिलच्या एका मुलीने लिहिलं की मेला तरच बॅटमॅनला काहीतरी होईल, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, हे कारण मला पटलं नाही तरी ते कारण होतं. मेकॅनिकलच्या एकाला जेसनशी देणंघेणंच नव्हतं. त्याचा राग गोष्टीवर : तीन बायका शोधायला निघालाय आणि तिन्ही ठिकाणी नेमका बॅटमॅन हजर, दोन ठिकाणी जोकरही, असं कधी असतं का? बरोबरच आहे. तो पुढची प्रकरणं वाचेल तेव्हा काय म्हणेल याची मला आधीच धास्ती होती, कारण पुढे जोकर इराणचा राजदूत होऊन युनोत भाषणाला उभा राहतो! डोक्यावर अरबी रुमाल बांधून. इराणी लोक अरब नव्हेत एवढं आमच्या मेसच्या मावशीही सांगतील. गोष्ट म्हणून हे पुस्तक फार भोंगळ आहे हे मला मान्य आहे. चाळीस वर्षं होत आली तरी लोक ते वाचतात ते एका फोनमुळे, असंही कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

पाच जणांनी 'वाचवा' लिहिलं, आणि त्या पाचही जणांनी कारण लिहिलं होतं. एकीने फक्त एवढंच : "आधी आईला सोडवलं त्याने." आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते दोन खोडलेल्या मतांनी. दोन ठिकाणी आधी 'मारा' होतं, कारणाच्या रकान्यात एक-दीड ओळ लिहिलेली, मग ती ओळ अर्धवट सोडून मतच खोडलेलं आणि शेजारी 'वाचवा'. म्हणजे त्यांना कोणी समजावलं नाही, कोणी भाषण दिलं नाही. नुसतं कारण लिहायला लागले आणि लिहिता लिहिता हात थांबला. चौदात दोन म्हणजे काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण १९८८ मध्ये त्या फोनवर "का?" असा एक प्रश्न विचारला असता तर बहात्तर जण थांबले नसते का?

सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. बाबांचं कॉमिक्सचं ज्ञान म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स, मराठीतला वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक. शांतपणे ऐकून म्हणाले, "अगं, आमचा वेताळ वीस वेळा मेलाय. बाप मेला की मुलगा तेच कपडे घालतो, लोकांना पत्ताच लागत नाही. त्यात काय एवढं?"

मी म्हटलं, "पण बाबा, वेताळ मरावा म्हणून तुम्हाला कोणी फोन करायला सांगितला होता का?"

"आमच्याकडे फोनच नव्हता," म्हणाले. विषय संपला.

पण बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रॉबिनचे कपडेही रिकामे राहिले नाहीत. १९८९ मध्येच टिम ड्रेक नावाचा तिसरा मुलगा आला आणि तो लोकांना आवडला. एवढंच काय, २००५ मध्ये खुद्द जेसन परत आला, 'रेड हूड' नावाने, चिडलेला आणि बंदूक घेतलेला. त्याची बॅटमॅनकडे तक्रार काय, तर मला वाचवलं नाहीस ते सोड, पण जोकर अजून जिवंत कसा? २०२३ मध्ये तर डीसीने तो ४२८ वा अंक जेसन वाचला असता तर कसा निघाला असता तसा छापून विकला. म्हणजे मारलं तेव्हाही विकलं, वाचवलं तेव्हाही विकलं. ज्याने 'द डार्क नाइट रिटर्न्स' लिहिलं त्या फ्रँक मिलरने या फोनच्या प्रकारावर कडक टीका केली होती. गंमत अशी की त्याच पुस्तकात, १९८६ मध्येच, जेसन मेलेला आहे असा उल्लेख आहे. पण तिथे तो लेखकाने मारलाय, आणि लेखकाचं नाव मुखपृष्ठावर आहे. माझ्या दृष्टीने हा फरक छोटा नाही.

मेकॅनिकलवाला याच्यावर म्हणतो की ही लोकशाही आहे, तुला निकाल आवडला नाही म्हणून रडतेस. कट्ट्यावर आमचं यावरून बरंच वाजलं. मी म्हटलं लोकशाहीत एकाला एक मत असतं. तो म्हणाला, ठीक, पण गुप्त मतदान तर तिथेही असतं ना, तिथे कोण कारण विचारतं?

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं, पण ज्या गोष्टीवरून सुचलं ती सांगायला मला जरा जड जातंय.

आमची एक टीम आहे, रोबो बनवणारी. टीममध्ये इलेक्ट्रॉनिक्स बघणारा सीनियर पास होऊन गेला. तो म्हणजे आमचा डिक ग्रेसन, सगळं यायचं आणि वर जोक मारायचा. त्याच्या जागी सेकंड इयरचा एक मुलगा आला. कामाला वाईट नव्हता, पण तोंडाला होता. कोणालाही "हे चुकीचं आहे" असं तोंडावर सांगायचा, कॅप्टनलासुद्धा. सीनियरचा कोड जसाच्या तसा वापरला तर आम्ही म्हणायचो याला स्वतःचं काही येत नाही. बदलला तर म्हणायचो चालत होतं ते का बदललं. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी त्याच्या हातून एक मोटर ड्रायव्हर जळाला. महागाचा होता. त्या रात्री ग्रुपवर एक गूगल फॉर्म आला. नाव द्यायचं नाही. प्रश्न एक : हा टीममध्ये राहावा का? हो किंवा नाही. वेळ : सकाळी आठपर्यंत.

अकरा 'नाही', नऊ 'हो'.

माझं मत त्या अकरांत होतं. मी मेसच्या रांगेत उभी होते, एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन. चार सेकंद लागले असतील. माझ्याकडे त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं, फक्त दमलेले होते आणि वाटलं की बाकीचे 'हो' म्हणतीलच, आपण आपला राग काढून घ्यावा. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर दहा-दहा. मला कोणी कारण विचारलं असतं तर मी काय लिहिणार होते? "कंटाळा आला"?

मेकॅनिकलवाल्याला द्यायचं उत्तर असं : निवडणुकीत मत गुप्त ठेवतात कारण मत देणाऱ्याला वरच्यांची भीती असू शकते. आमच्या फॉर्ममध्ये कोणाला कोणाची भीती होती? ज्याच्यावर मत घेतलं तो आमच्यात सगळ्यात ज्युनिअर. आम्ही वीस, तो एक. तिथे नाव लपवल्याने फक्त आमची सोय झाली. आणि ज्याला काढलं त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की जळलेल्या ड्रायव्हरसाठी काढलं, की उलट बोलला म्हणून, की कोणीतरी मेसच्या रांगेत दमलं होतं म्हणून.

हे सगळं फेब्रुवारीतलं. क्लिपचा उद्योग मी केला तो त्यानंतर, हे आता चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

पुस्तक मुलांच्या हॉस्टेलमधून परत आलं त्याच आठवड्यात तो झेरॉक्सच्या दुकानाबाहेर भेटला. सबमिशनचे दिवस, रांग मोठी. माझ्या बॅगेतून पुस्तक दिसत होतं, त्याने विचारलं, मी दिलं. कागदाची आणि क्लिपची अट सांगितली. त्याने चार दिवसांनी आणून दिलं. कागदावर पंधरावी नोंद. 'मत' रिकामं. 'कारण'च्या रकान्यात बारीक अक्षरात : "टायमरवर किती वेळ उरलाय ते चित्रात दिसतं. पण दार बंद आहे हे जेसनला आधी माहीत असतं तर त्याने तो वेळ बाँबवर घालवला असता. त्याला माहीत नव्हतं. माहिती न देता मार्क कसे कापता?"

क्लिप तशीच होती.

मी म्हटलं, "पुढचं वाचलं नाहीस? कागद भरलास ना, आता काढायची होती."

"मत दिलं नाही ना मी," म्हणाला. "मग कशी काढणार?"

मी क्लिप काढली आणि पुस्तक पुन्हा त्याच्या हातात दिलं. ते अजून त्याच्याकडेच आहे. फॉर्मचं मात्र मी त्याला तेव्हा काही सांगितलं नाही, रांग पुढे सरकली होती. आपला हा अंक सगळ्या वर्गांत वाटतात, तेव्हा एक प्रत त्याच्याही बाकावर जाईल. माझं नाव वर छापलेलं आहे.